चारशे रुपये देऊन श्वास घ्यायचा का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत घरगुती खाणावळ चालवणाऱ्या ५२ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. चार-पाच महिन्यांपासून त्यांचा उजवा खांदा धरला आहे. वेणी घालता येत नाही, ब्लाउजचे हूक लावायला सुनेला हाक मारावी लागते, रात्री उजव्या कुशीवर वळलं की कळ येऊन जाग येते. मधुमेह बरीच वर्षं आहे. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून ‘फ्रोझन शोल्डर’ असं निदान केलं आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली तरुण फिजिओथेरपिस्ट मशीन लावत नाही, जोरात ताणतही नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं आडवं झोपवून नुसता श्वास घ्यायला लावते. ताईंचे यजमान तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांचं म्हणणं, “चारशे रुपये देऊन श्वास घ्यायला शिकतीस व्हय? चार दिवस जोर मार, खांदा आपोआप सुटतोय.” ताई स्वतः रोज सकाळी रंकाळ्यावर फिरून आल्यावर अनुलोम-विलोम करतात, त्यामुळे हा शिकवलेला श्वास आणखी कशाला, हे त्यांनाही कळेना. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : “त्या मुलीला माझं दुखणं मनाचं वाटतंय की काय? मी तिथं जायचं सोडू का?”

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. इतक्यात सोडू नका. पण मनात शंका ठेवून मुकाट्याने आडवंही पडून राहू नका. पुढच्या खेपेला सरळ विचारा, “मॅडम, हा श्वास कशासाठी, आणि याच्या पुढं काय?” मी स्वतः याच पेशातली आहे. पेशंटने असं विचारलेलं आम्हाला आवडतं. न विचारता, न सांगता यायचे बंद होतात ती माणसं आमच्या हातून सुटतात, आणि पुन्हा येतात तेव्हा खांदा आणखी आखडलेला असतो.

आता ते मनाच्या दुखण्याचं. पत्रात ही ओळ शेवटी, घाईत लिहिल्यासारखी आली आहे, पण तुम्हाला खरं लागलंय ते हेच, असं मला वाटतं. नाही, तुमचं दुखणं मनाचं नाही. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ आवरण असतं. फ्रोझन शोल्डरमध्ये त्याला सूज येते, मग ते जाड आणि आखूड होत जातं. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांना तर खूपच जास्त होणारा हा आजार आहे. म्हणजे तुमचा खांदा का धरला याचं कारण शरीरातच आहे, कुणी ते तुमच्या स्वभावात शोधू नये.

पण त्या आवरणाभोवती स्नायू आहेत, आणि ते पहारा देतात. तुमचा दुखरा हात कुणी उचलायला आलं की काय होतं, ते एकदा नीट बघा. हात लागायच्या आधीच खांदा कानाकडे चढतो, दात आवळले जातात आणि श्वास छातीत अडकतो. हे तुम्ही मुद्दाम करत नाही, म्हणूनच “सैल सोडा, सैल सोडा” म्हणून ते सुटतही नाही. कळ येणार याची शरीराला पाच महिन्यांत सवय झाली आहे, त्यात झोपेचं खोबरं झालेलं. अशा वेळी सावकाश घेतलेला आणि त्याहून सावकाश सोडलेला श्वास हा शरीराला ‘पहारा सैल कर’ म्हणून सांगायचा एक भरवशाचा मार्ग आहे. लांब उच्छ्वासाबरोबर हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, आवळलेले स्नायू ढिले पडतात. मग तोच हात, काहीही जोर न लावता, थोडा पुढे जातो. किती जाईल ते माणसागणिक बदलतं, पण जो भाग केवळ धास्तीने अडला होता तेवढा मोकळा होतो आणि आखडलेलं आवरण कुठे सुरू होतं ते आम्हाला हाताखाली कळतं. तुम्ही कणीक तिंबली की लगेच लाटायला घेत नाही, झाकून ठेवता. ती मुलगी तेच करते आहे.

श्वासाचा आणि खांद्याचा संबंध एवढ्यावरच थांबत नाही, आणि माझ्या मते पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. पाठीवर खांद्याचं जे सपाट हाड लागतं, तो फरा, तो बरगड्यांवर नुसता टेकलेला असतो. दंडाचं हाड सोडलं तर उरलेल्या सांगाड्याशी त्याचा हाडाचा सांधा एकच, गळपट्टीच्या हाडाच्या टोकाशी. हात पूर्ण वर न्यायचा म्हणजे १८० अंश. त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या खऱ्या सांध्यातून येतात आणि ६० अंश हा फरा बरगड्यांवरून सरकल्यामुळे. तुमचा सांधा अडल्यावर शरीर सगळी उधारी फऱ्याकडून करायला लागतं. फळीवरचा डबा काढताना तुमचा अख्खा खांदा वर उचलला जातो तो यामुळेच. आणि त्या फऱ्याखालच्या बरगड्याच हलत नसतील, पाठीचा वरचा भाग ओट्यावर वाकून वाकून ताठरला असेल, तर फऱ्याने सरकायचं तरी कुठे?

शिवाय मानेपासून पहिल्या दोन बरगड्यांपर्यंत येणारे स्नायू आहेत, आणि छातीच्या तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून फऱ्याच्या पुढच्या टोकाला जाणारा एक छोटा स्नायू आहे. श्वास वरवरचा, छातीच्या वरच्या भागातून चालला की छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचं, म्हणजे श्वासपटलाचं, काम हे स्नायू अंगावर घेतात. तो छोटा स्नायू आखडला की फरा पुढे झुकतो आणि हात वर जायची वाट आणखी अरुंद होते. शांत बसलेला माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. १५ धरले तरी दिवसाचे २१,६०० होतात. श्वासाबरोबर आपोआप चालणाऱ्या जपाच्या, म्हणजे अजपाजपाच्या, संदर्भात आपल्याकडे हाच आकडा पूर्वापार सांगितला जातो. त्यातल्या निम्म्या श्वासांना जरी मान आणि खांदा ओढला जात असेल, तर आठवड्यातून तीनदा शेक घेऊन किती उरणार?

तुमच्या बाबतीत असं होतंय का, हे आरशासमोर बसून पाहता येईल. गळ्याखालची दोन हाडं दर श्वासाला वर चढत असतील, मानेच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताणलेल्या दिसत असतील, तर होतंय. तसं दिसत नसेल तर फिजिओथेरपिस्टला तेही सांगा, म्हणजे ती श्वासाची दहा मिनिटं पाचावर आणेल.

“मी तर रोज अनुलोम-विलोम करते,” असं तुम्ही लिहिलंय. ते चांगलंच आहे, सोडू नका. पण ते करताना तुमचा उजवा हात कुठे असतो? नाकाशी. कोपर हवेत. म्हणजे जो हात कंगवा धरायला कुरकुरतो, तोच तुम्ही रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं अधांतरी धरून बसता, आणि नाकाकडे लक्ष असल्यामुळे खांदा हळूहळू कानापर्यंत गेलेला तुम्हाला कळतही नाही. प्राणायामानंतर खांदा ठणकतो का, हे आठवून पाहा. तूर्त डाव्या हाताने करा, किंवा उजव्या कोपराखाली मांडीवर दोन उशा रचा. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र खांदा शांत होईपर्यंत बाजूला ठेवा. त्यांत झटके आहेत, आणि भस्त्रिका करताना बरीच जणं हात वर-खाली करतात. त्या मुलीचा श्वास आणि तुमचा प्राणायाम यांचा हेतूच वेगळा आहे. तिला बरगड्या बाजूंनी उघडायला हव्यात आणि हात हलताना श्वास चालू राहायला हवा.

घरी करायची पद्धत सांगते, कारण आठवड्यातल्या दोन-तीन बैठकांनी हे होत नाही. ज्यांचं निदान तुमच्यासारखंच झालंय त्यांनाही ती चालेल. दुपारचे डबे गेले की सतरंजीवर उताणं झोपा. गुडघे वाकवून त्यांखाली उशी घ्या. टॉवेलची गुंडाळी करून दुखऱ्या दंडाखाली ठेवा, म्हणजे कोपर मागे जमिनीकडे लोंबणार नाही. ही गुंडाळी विसरली की निम्मा फायदा जातो. डावा तळवा उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर ठेवा. नाकाने श्वास घ्या, पोट फुगवायचा अट्टाहास नको, बरगडी तळव्याला बाजूला ढकलते आहे एवढं जाणवू दे. मनात तीन-चार मोजून आत, पाच-सहा मोजून बाहेर. श्वास मोठा नको, सावकाश हवा. चक्कर आल्यासारखं झालं, बोटांना मुंग्या आल्या, तर तुम्ही हवा जास्त ओढताय असं समजा आणि श्वास लहान करा. मध्ये रोखून धरू नका, रक्तदाब असणाऱ्यांनी तर नाहीच.

पाचेक मिनिटांनी हातात छत्री घ्या, दोन्ही हातांनी आडवी. उजवा कोपर कमरेशी, त्या गुंडाळीवरच राहू दे. श्वास सोडता सोडता डाव्या हाताने छत्री ढकलून उजवा पंजा बाहेरच्या बाजूला न्या, श्वास घेताना परत आणा. फ्रोझन शोल्डरमध्ये हीच हालचाल सगळ्यात जास्त जाते, तेव्हा सुरुवातीला चार बोटंसुद्धा हलणार नाही. न का हलेना. दुसरा व्यायाम ओट्यापाशी उभं राहून. पंजाखाली कोरडं फडकं ठेवा, आणि श्वास सोडत फडकं पुढे सरकवत जा, कमरेतून वाका. हाताला वजन उचलावं लागत नाही आणि फराही सरकतो. दुखण्याची मर्यादा अशी धरा : करताना ओढ बसली तर चालेल, पण थांबल्यावर अर्ध्या तासात दुखणं मूळपदावर यायला हवं. रात्र नेहमीपेक्षा वाईट गेली तर आदल्या दिवशी जास्त झालं.

खाणावळीतलं काम थांबवा असं मी सांगणार नाही, ते शक्य नाही हे मला कळतं. मात्र परात ओट्यावरून खाली, कमरेच्या उंचीच्या टेबलावर किंवा स्टुलावर घ्या. ओटा उंच असला की कणीक तिंबताना खांदे चढलेलेच राहतात. जोर देताना श्वास सोडा. सलग भाकरी थापणाऱ्या बहुतेक बायका तवा तापलेला, मागणी आलेली, अशा घाईत श्वास धरूनच थापत असतात. डाळी-पिठाचे रोजचे डबे वरच्या फळीवरून खाली आणा, ते काम सुनेकडून आजच करून घ्या.

आता यजमानांचं म्हणणं. जोर मारल्याने खांदा सुटेल, हे सध्या तरी चुकीचं आहे, आणि मी ते ठामपणे सांगते. या आजाराची साधारण तीन टप्प्यांत वाटचाल होते. आधी दुखणं वाढतं, मग दुखणं कमी होऊन आखडलेपण राहतं, मग हळूहळू मोकळं होतं. सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं लागू शकतात. तुमची अजून कळेने झोपमोड होते, म्हणजे तुम्ही पहिल्या टप्प्यात आहात. या काळात जबरदस्तीने ताणलेला खांदा जास्त चिडतो. जोर मारताना सगळं वजन त्याच सांध्यावर येतं. हाडवैद्याकडे जाऊन झटका मारून घेण्याचा विचार कुणी सुचवला असेल तर तोही नको. मधुमेहात आणि या वयात त्या झटक्याने स्नायू फाटू शकतो, हाडसुद्धा मोडू शकतं. मशीनने तात्पुरतं बरं वाटतं, शेकानेही वाटतं. ते घ्यायला हरकत नाही, पण नुसत्या मशीनने खांदा मोकळा झाला असं मी पाहिलेलं नाही.

हे सगळं श्वासाच्या बाजूने सांगितलं, तेव्हा त्याची मर्यादाही सांगायला हवी. नुसत्या श्वासाने आखडलेलं आवरण सैल होत नाही. खांद्याच्या व्यायामांना श्वासाची जोड दिली तर दुखणं आणखी कमी होतं आणि हालचाल वाढते असं दाखवणारे अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत. म्हणून श्वास ही सुरुवात असावी. तीन आठवडे उलटले तरी तुम्ही फक्त श्वासच घेत असाल, हाताची हालचाल त्यात आलीच नसेल, तिने कोनमापक लावून तुमचा हात किती अंश जातो हे एकदाही मोजून लिहून ठेवलं नसेल, घरी करायला काही दिलं नसेल, तर दुसरा फिजिओथेरपिस्ट बघायला माझी हरकत नाही. घरी तुम्हीही नोंद ठेवा : भिंतीवर बोटं कुठवर चढली, अंगठा पाठीमागे कुठल्या हुकापर्यंत पोचला, रात्री किती वेळा जाग आली. पहिली सुधारणा बहुधा झोपेत दिसते, हाताच्या उंचीत नंतर. सहा आठवडे हे पाहा आणि मग ठरवा.

रात्री असह्य होत असतील तर हाडांच्या डॉक्टरांना सांध्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल विचारा. पहिल्या टप्प्यात त्याने दुखणं बरंच उतरतं आणि व्यायाम करता येतो. मधुमेहात मात्र त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून साखरेच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट जुना झाला असेल तर तोही करा. साखर चढलेली राहिली की हे खांदे रेंगाळतात.

इतर वाचकांसाठीही थोडं लिहायला हवं, कारण शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे, गुजरीत दिवसभर मान खाली घालून दागिना घडवणारे, शाळेत फळ्यावर लिहिणारे, सगळ्यांचाच खांदा दुखतो आणि तो प्रत्येक वेळी फ्रोझन शोल्डर नसतो. कोपर कमरेला लावून दुसऱ्या कुणी तुमचा हात बाहेर वळवला आणि तो सहज वळला, तर दुखणं बहुधा वेगळं आहे, आधी निदान करून घ्या. चालताना किंवा जिना चढताना खांदा-हात-जबडा भरून येतो, घाम सुटतो, दम लागतो, असं असेल तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका, आपलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की जवळचं कुठलंही हॉस्पिटल, ताबडतोब गाठा. मधुमेह्यांमध्ये हृदयाचं दुखणं छातीत न जाणवता असं भलतीकडे जाणवू शकतं. तांबड्या-पांढऱ्याच्या भरपेट जेवणानंतर उजवा खांदा किंवा फऱ्याखाली दुखतं, पण हात कसाही फिरवला तरी त्यात फरक पडत नाही, अशांनी पित्ताशयाची सोनोग्राफी करून घ्यावी. श्वासपटलाची नस मानेतून निघते, खांद्याच्या टोकाची संवेदनाही तिथूनच, म्हणून पोटातली कळ खांद्यात उमटते. पडल्यानंतर हात उचलत नाही, खांदा लाल-गरम होऊन ताप आहे, वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर होऊन गेला आहे, हातात बधिरपणा वाढतोय, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांनी श्वासाचा व्यायाम शिकूनच करावा.

ताई, राहिलं यजमानांना कसं सांगायचं ते. वाद घालू नका. पुढच्या बैठकीला त्यांना सोबत घेऊन जा. तालमीतल्या माणसाला दम राखणं काय असतं ते शिकवावं लागत नाही. वस्तादांनी त्यांना पहिल्या दिवसांत तेच सांगितलं असेल, आणि घाबरून श्वास धरणारा गडी लवकर दमतो हे त्यांनी मातीत पाहिलं असेल. त्या मुलीने तुमचा हात श्वासाबरोबर उचललेला त्यांना बघू दे, आणि मग तिलाच सांगा, हात कसा आधाराने धरायचा ते यांना शिकवा म्हणून. छत्रीने होतं ते काम दुसऱ्या माणसाच्या आधाराने जास्त चांगलं होतं. फक्त एक गोष्ट तिच्यादेखत ठरवून घ्या : तुम्ही “बास” म्हटलं की तिथे थांबायचं, “आणखी थोडं” नाही.